सेगावचा टेलिफोन आणि ग्रामपंचायतीचे कपाट
ग्रामीण ब्रॉडबँडचे अर्थकारण : वर्धा जिल्ह्यातून पाहताना

सेवाग्राम आश्रमात जाणाऱ्या प्रवाशाला बापू कुटी, आदी निवास, चरखा यांच्याबरोबर एक जुना टेलिफोनही दाखवला जातो. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना गांधीजींशी थेट बोलता यावे म्हणून तो बसवला गेला, असे तिथे सांगतात. शाळेच्या सहलीतली मुले त्याच्याकडे कुतूहलाने पाहतात आणि पुढे जातात. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मात्र तिथे थोडे थांबावे. वर्ध्यापासून सात-आठ किलोमीटरवरच्या त्या खेड्यात तेव्हा धड रस्ताही नव्हता. तार मात्र पोचली, कारण पलीकडच्या टोकाला ज्याला बोलायचे होते त्याच्या हातात सत्ता होती. गावकऱ्यांनी कोणाला फोन करावा हा प्रश्न तेव्हा कोणापुढे नव्हता.

याच गावाची दुसरी गोष्टही दळणवळणाचीच आहे. गांधीजी १९३६ साली इथे राहायला आले तेव्हा गावाचे नाव सेगाव होते. बुलढाणा जिल्ह्यातल्या, गजानन महाराजांच्या शेगावशी त्याची गल्लत होई आणि टपाल भलतीकडे जाई. १९४० साली गावाचे नाव सेवाग्राम झाले त्यामागे हे एक साधे, व्यावहारिक कारण होते. सेवेचा आदर्श त्या नावात होताच, पण पत्र नीट पोचावे ही गरजही होती. संपर्काच्या जाळ्यात नीट सापडावे म्हणून एका गावाला आपले नाव बदलावे लागले, असेही याकडे पाहता येईल.

आज हीच गोष्ट नव्या रूपात समोर आहे. पीक पाहणी मोबाइलवर नोंदवायची आहे. शेतकरी सन्मान निधीसाठी ई-केवायसी हवे. लाडक्या बहिणीलाही आपली ओळख ऑनलाइन पटवून द्यावी लागते. कापूस हमीभावाने विकायचा तर २०२५च्या हंगामापासून कापूस महामंडळाच्या ॲपवर आधी नोंदणी आहे. थोडक्यात, शासनाने आपला दरवाजा इंटरनेटच्या गल्लीत हलवला आहे. त्या गल्लीपर्यंतचा रस्ता कोणी बांधायचा, त्याचा खर्च कोणी सोसायचा आणि तो उखडला तर दुरुस्त कोणी करायचा, या तीन प्रश्नांचा विचार या लेखात करायचा आहे.

रेल्वेचा धडा

वर्धा जिल्ह्याला हा प्रश्न अगदीच नवा नाही. १८६० च्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि हिंगणघाटच्या कापसाला विलायतेत मोल आले. १८६२ साली वर्धा हा स्वतंत्र जिल्हा झाला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे वर्ध्यावरून १८६७ साली नागपूरला पोचली. रूळ टाकणारी कंपनी खाजगी होती; पण तिच्या भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी सरकारने दिली होती. कमाई कमी पडली तर फरक हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरला जाई. त्यामुळे रूळ लवकर पडले हे खरे. पण खर्च आटोक्यात ठेवण्याची कंपनीला गरज उरली नाही, हेही खरे. नफा कंपनीचा आणि तोटा रयतेचा, ही तक्रार पुढे राष्ट्रीय नेत्यांच्या लिखाणात वारंवार आली.

दुसरा धडा आर्वीचा. मुख्य लोहमार्ग पुलगाववरून गेला आणि कापसाचे मोठे केंद्र असलेली आर्वी बाजूला राहिली. तिला जोडायला पुलगाव-आर्वी असा सुमारे ३५ किलोमीटरचा नॅरोगेज फाटा वेगळ्या कंपनीने टाकला. मुख्य मार्ग रुंद, वेगवान आणि भरगच्च. फाटा अरुंद, सावकाश आणि जेमतेम चालणारा. पुढे मुख्य मार्ग दुहेरी झाला, विजेवर चालू लागला, आणि फाट्यावरची गाडी बंद पडली.

ब्रॉडबँडचे जाळेही असेच तीन टप्प्यांचे असते. महानगरांना जोडणारा कणा हा पहिला टप्पा. जिल्हा आणि तालुक्यापासून गावापर्यंतची तार हा मधला टप्पा. गावातल्या चौकातून घरापर्यंतचे अखेरचे काही मीटर हा तिसरा. वर्धा देशाच्या मध्यावर, दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा या लोहमार्गांजवळ असल्याने पहिल्या टप्प्याची अडचण इथे फारशी नाही. अडचण आहे ती पुलगावपासून आर्वीपर्यंतची.

हिशेब का जुळत नाही

२०११च्या जनगणनेनुसार वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाख ७७४ आहे आणि क्षेत्रफळ सुमारे ६,३०९ चौरस किलोमीटर. म्हणजे चौरस किलोमीटरमागे २०६ माणसे. राज्याची सरासरी ३६५. त्यातही जिल्ह्याचा जवळपास एक तृतीयांश भाग वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव अशा शहरांत राहतो. ग्रामीण भागापुरते पाहिले तर ही घनता दीडशेच्या आत येते.

घनतेला इतके महत्त्व का, ते एका काल्पनिक हिशेबाने पाहू. पुढचे आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. तालुक्यापासून गाव सहा किलोमीटरवर आहे. चर खोदून फायबर टाकायला किलोमीटरमागे तीन लाख रुपये लागतात, म्हणजे अठरा लाख. गावातली उपकरणे दोन लाखांची. एकूण गुंतवणूक वीस लाख. गावात २५० घरे आहेत आणि त्यांतल्या ६० घरांनी महिना ४०० रुपयांची जोडणी घेतली. वर्षाचे उत्पन्न २ लाख ८८ हजार. त्यातून वीज, दुरुस्ती, वसुली आणि पुढच्या जाळ्याचे भाडे असे १ लाख ८८ हजार वजा जाता हाती उरतो एक लाख. व्याज न धरताही भांडवल फिटायला वीस वर्षे लागतील आणि त्याआधीच उपकरणे दोनदा बदलावी लागतील. कोणताही शहाणा व्यापारी या गावात पैसा घालणार नाही.

आता त्याच गावात ६० ऐवजी १५० घरांनी जोडणी घेतली असे धरू. उत्पन्न ७ लाख २० हजार होते. खर्च वाढून समजा ३ लाख २० हजार झाला, तरी वर्षाला चार लाख उरतात आणि पाच वर्षांत भांडवल मोकळे होते. चर तोच, तार तीच, उपकरणेही जवळजवळ तीच. बदलली ती फक्त जोडण्यांची संख्या.

आणखी एक शक्यता अशी की, अठरा लाखांची तार सरकारने टाकली आणि गावातल्या एखाद्या केबलवाल्याने फक्त दोन लाखांची उपकरणे बसवली. आता ६० घरांवरही त्याचे पैसे दोन वर्षांत सुटतात.

ग्रामीण ब्रॉडबँडच्या अर्थकारणाचा गाभा या तीन हिशेबांत येऊन जातो. खर्चाचा मोठा भाग पहिला बाइट वाहण्याआधीच करावा लागतो आणि तो जमिनीत गाडला जातो. त्यानंतर एक घर अधिक जोडायला फारसे काही लागत नाही. अशा धंद्यात दोन कंपन्यांनी एकाच गावात शेजारीशेजारी दोन चर खोदणे म्हणजे उधळपट्टी. आणि एकाच कंपनीच्या हाती सगळे सोपवणे म्हणजे मक्तेदारी. म्हणून जगभर एक मध्यममार्ग सुचवला जातो. तार एकच असावी, ती सार्वजनिक पैशातून पडावी, आणि ठरलेल्या भाड्यात ती कोणत्याही सेवादात्याला वापरता यावी. रस्ता सरकारचा आणि त्यावरून धावणाऱ्या गाड्या अनेकांच्या, तसेच हे.

निधी आहे, मग अडले कुठे?

न परवडणाऱ्या गावांसाठी आपल्याकडे पैशाची तरतूद नाही, असे म्हणता येत नाही. १९९९च्या नव्या दूरसंचार धोरणाने सार्वत्रिक सेवेची जबाबदारी मान्य केली. १ एप्रिल २००२ पासून त्यासाठीचा निधी अस्तित्वात आला. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातील पाच टक्के वाटा यासाठी घेतला जातो. २०२३च्या दूरसंचार कायद्याने याच निधीला 'डिजिटल भारत निधी' असे नाव दिले. कंपनी हा पैसा अखेर ग्राहकाकडूनच वसूल करते. म्हणजे समुद्रपूर तालुक्यातला शेतमजूर रिचार्ज मारतो तेव्हा त्याच्या पैशातलाही थोडा वाटा या निधीत पडतो. पण वसूल झालेली रक्कम आधी केंद्राच्या एकत्रित निधीत जाते आणि तिथून संसदेच्या मंजुरीने जेवढी सुटेल तेवढीच खर्चाला मिळते. वर्षानुवर्षे जमा अधिक आणि खर्च कमी राहिला. महालेखापरीक्षकांनीही यावर बोट ठेवले आहे.

या निधीतून उभी राहिलेली मोठी योजना म्हणजे राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळे. २५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती दोनेक वर्षांत जोडायच्या आणि खर्च सुमारे २० हजार कोटी, असा अंदाज होता. पुढे तिचे 'भारतनेट' असे नामकरण झाले. पहिल्या टप्प्यातल्या एक लाख ग्रामपंचायती पूर्ण व्हायला डिसेंबर २०१७ उजाडला. २०१७ साली खर्चाचा आकडा ४२ हजार कोटींवर गेला. दुसऱ्या टप्प्यात काही राज्यांनी काम स्वतःकडे घेतले. महाराष्ट्र त्यांपैकी एक होता आणि इथे ही योजना 'महानेट' या नावाने आली. २०२५ साली देशात सुमारे २ लाख १४ हजार ग्रामपंचायती 'सेवेसाठी सज्ज' असल्याची सरकारी नोंद आहे.

'सेवेसाठी सज्ज' हा शब्दप्रयोग नीट वाचला पाहिजे. तार पोचली, उपकरण बसले आणि एकदा चाचणी झाली, एवढाच त्याचा अर्थ. आज सकाळी तिथे इंटरनेट चालू आहे का, हे त्यातून कळत नाही. ग्रामीण भागात फिरणाऱ्याला ग्रामपंचायतीच्या कार्यालयातले ते लोखंडी कपाट ओळखीचे असते. आत फायबरची पेटी, बॅटरी, बाहेर सौर पटल. कुठे दिवे लुकलुकतात. कुठे बॅटरी उतरलेली असते. कुठे किल्ली कोणाकडे हेच माहीत नसते. मी पाहिलेल्या अशा एका कार्यालयात कपाटाच्या वर हजेरीपट आणि झेंडा ठेवलेला होता आणि दाखले मात्र संगणकचालकाच्या मोबाइलवरच्या हॉटस्पॉटने निघत होते. 'लाइन केव्हापासून बंद आहे?' या प्रश्नाला तिथे कोणी तारीख सांगू शकले नाही.

हा कोणा एकाच्या आळसाचा दोष नाही. योजनेची रचनाच अशी होती. पहिल्या आराखड्यात तालुक्यापासून तार माळेसारखी एका गावातून दुसऱ्या गावात गेली. वाटेत कुठे जेसीबीने ती तोडली की पुढची सगळी गावे अंधारात. गेल्या दशकात वर्धा जिल्ह्यात रस्त्यांची कामे भरपूर झाली. नागपूर-तुळजापूर महामार्ग रुंद झाला. समृद्धी महामार्ग सेलू आणि आर्वी तालुक्यांतून गेला. रस्ता खणणाऱ्याला खाली तार आहे हे माहीत नसते आणि तार टाकणाऱ्याला वर रस्ता येणार हे माहीत नसते. त्यात इथली काळी कसदार जमीन. उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. तारही त्याच जमिनीत झोपलेली असते. शिवाय परवानग्या : रस्ता बांधकाम विभागाचा, नाहीतर जिल्हा परिषदेचा, नाहीतर महामार्ग प्राधिकरणाचा; मध्येच रेल्वे; बोर व्याघ्र प्रकल्पाच्या बाजूला गेलात तर वन विभाग. मार्गाधिकाराचे नियम २०१६ आणि २०२४ साली सुधारले गेले, खोदण्याआधी कळवण्यासाठी २०२३ मध्ये ॲपही आले. नियम सुधारले तरी त्यांची सवय लागायला वेळ लागतोच.

दुसरा दोष पैशाच्या मोजमापाचा. कंत्राटदाराला पैसे मिळत ते टाकलेल्या किलोमीटरचे, चाललेल्या दिवसांचे नव्हे. ज्याचे पैसे मिळतात ते काम होते, हा साधा नियम आहे. रेल्वेच्या काळात हमी भांडवलावर होती, म्हणून भांडवल वाढले. इथे देयक लांबीवर होते, म्हणून लांबी वाढली.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपयांची सुधारित योजना मंजूर केली. तिच्यात यांतल्या बऱ्याच चुकांची कबुली दिसते. माळेऐवजी आता वलयाकार जोडणी आहे, म्हणजे एका बाजूने तार तुटली तरी दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहते. दहा वर्षांची देखभाल कंत्राटातच धरली आहे. गावातल्या उद्योजकाने घरोघरी जोडण्या द्याव्यात आणि उत्पन्नाचा निम्मा वाटा त्याला मिळावा, अशी सोय आहे. कागदावर दिशा योग्य आहे. तिचे यश मात्र किलोमीटरमध्ये नाही, चालू दिवसांमध्ये मोजले गेले पाहिजे.

मोबाइल असताना तार कशाला?

हा आक्षेप रास्त आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ बाजारात आले आणि डेटाचे दर कोसळले. २०१४च्या सुमारास एका जीबीला अडीचशेवर रुपये पडत, ते पुढे दहा रुपयांच्या आसपास आले. आज खेड्यातला बहुतेक इंटरनेट मोबाइलवरच आहे आणि सरकारच्या एका पैशाशिवाय त्यातला मोठा भाग उभा राहिला.

तरीही तीन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. एक, मनोऱ्याची लहरही शेवटी जमिनीतल्या फायबरलाच जाऊन मिळते. मनोऱ्यामागे फायबर नसेल तर मोबाइलवर चार काड्या दिसतात आणि चक्र फिरत राहते. दोन, मोबाइलचे जाळे सगळ्यांत वाटून घ्यावे लागते. संध्याकाळी सगळे गाव व्हिडिओ पाहत असताना कोणाचा ऑनलाइन अर्ज अडकला तर दाद कोणाकडे मागणार? तीन, मोबाइल ही व्यक्तीची वस्तू आहे, घराची नाही. घरात एकच स्मार्टफोन असेल तर तो कोणाच्या खिशात असतो, हे सांगायला नको. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या ६१.५ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचे सांगितले. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ३८ टक्के होते. ग्रामीण स्त्रिया याहून मागे होत्या. म्हणजे नकाशावर गाव 'व्याप्त' दाखवले तरी त्या गावातली निम्म्याहून अधिक माणसे जाळ्याबाहेर असू शकतात.

ब्रॉडबँड कशाला म्हणायचे याची सरकारी व्याख्याही सरकत आली आहे. २००४च्या धोरणात २५६ केबीपीएस, पुढे ५१२, आणि २०२३ पासून किमान २ एमबीपीएस. २०१८च्या राष्ट्रीय डिजिटल धोरणाचे उद्दिष्ट मात्र प्रत्येक नागरिकाला ५० एमबीपीएस देण्याचे होते. व्याख्या आणि उद्दिष्ट यांतल्या या अंतरात खेडे उभे आहे.

फायदा किती, आणि कोणाचा?

जागतिक बँकेच्या २००९ सालच्या एका अभ्यासाचा आकडा धोरणांच्या कागदपत्रांत नेहमी भेटतो. ब्रॉडबँडचा प्रसार दहा टक्के-बिंदूंनी वाढला की विकसनशील देशांत आर्थिक वाढीचा दर १.३८ टक्के-बिंदूंनी अधिक दिसतो, असे तो सांगतो. हा आकडा जपून वापरावा. ज्या देशांची वाढ वेगाने होते तेच ब्रॉडबँडवर अधिक खर्च करू शकतात. कारण कोणते आणि परिणाम कोणता हे वेगळे करणे सोपे नाही.

लहान, नेमके अभ्यास अधिक शिकवतात. केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात मोबाइल आला तेव्हा मच्छिमार समुद्रातूनच बंदरांतले भाव विचारू लागले. रॉबर्ट जेन्सन यांच्या २००७च्या अभ्यासानुसार मच्छिमारांचा नफा सरासरी आठ टक्क्यांनी वाढला, ग्राहकाला मिळणारा भाव चार टक्क्यांनी उतरला आणि मासळी वाया जाणे थांबले. मध्य प्रदेशात २००० सालापासून आलेल्या ई-चौपाल केंद्रांमुळे सोयाबीनचे बाजारातले भाव एक ते तीन टक्क्यांनी वाढल्याचे अपराजिता गोयल यांनी २०१० साली दाखवले.

सोयाबीन आणि कापूस हेच वर्ध्याचेही पीक. मग इथेही तसेच होईल का? केरळच्या मच्छिमाराकडे होडी होती; भाव कळल्यावर तो दुसऱ्या बंदरात जाऊ शकत होता. ई-चौपालमध्ये संगणकाबरोबर एक नवा खरेदीदारही आला होता. हिंगणघाटच्या बाजारात काय भाव चालला हे कारंज्याच्या शेतकऱ्याला मोबाइलवर कळले, तरी गाडीभाडे परवडत नसेल, किंवा बियाण्यासाठी उचल घेतलेल्या व्यापाऱ्यालाच माल द्यायचा शब्द दिला असेल, तर त्या माहितीचे मोल किती? माहितीच्या सोबत पर्याय असेल तरच तिचा भाव येतो. तार ही रस्ता, गोदाम आणि पतपुरवठा यांना पूरक असते. त्यांची जागा ती घेऊ शकत नाही.

महाराष्ट्राकडे याचा आपला अनुभवही आहे. १९९८ साली वारणा खोऱ्यातल्या सत्तर गावांत 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. देशभर त्याचा गाजावाजा झाला. प्रत्यक्षात गावातल्या संगणकांचा उपयोग मुख्यतः ऊसनोंदी आणि तोडणीच्या चिठ्ठ्यांसाठी होत राहिला, आणि पुढे तेच काम साध्या मोबाइलवरच्या एसएमएसने कमी खर्चात होऊ शकते हे एका प्रयोगात दिसले. अमरावती जिल्ह्यातले हरिसाल २०१६ साली देशातले पहिले डिजिटल गाव म्हणून गाजले आणि २०१९च्या निवडणुकीत तिथे नेमके काय चालू आहे यावर जाहीर सभांतून वाद झाले. उद्घाटनाच्या दिवशीचे गाव आणि तीन वर्षांनंतरचे गाव यांतला फरक मोजणारी यंत्रणा आपल्याकडे नाही, एवढाच त्यातून घेण्यासारखा धडा.

कुमारप्पांचा प्रश्न

वर्ध्यात बसून अर्थकारणाचा विचार करताना जे. सी. कुमारप्पा आठवतात. १९३४ साली वर्ध्यात स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम त्यांनी वाहिले. १९३८ साली इथेच मगन संग्रहालय उभे राहिले. कोणत्याही नव्या सोयीबद्दल त्यांच्या विचाराला धरून एक प्रश्न विचारता येतो : या वाटेने गावातला पैसा बाहेर जातो की बाहेरचा गावात येतो?

इंटरनेटच्या बाबतीत उत्तर सध्या तरी गैरसोयीचे आहे. रिचार्ज, मनोरंजनाचे मासिक शुल्क, ऑनलाइन खरेदी, सायबर फसवणूक आणि ऑनलाइन जुगारही, या सगळ्या वाटा बाहेर जाणाऱ्या आहेत. आत येणाऱ्या वाटा म्हणजे खात्यात थेट जमा होणारे अनुदान, शहरातल्या मुलाने पाठवलेले पैसे, आणि थोडीफार ऑनलाइन विक्री. डाउनलोड भरपूर आणि अपलोड कमी, ही तांत्रिक गोष्ट आर्थिक अर्थानेही खरी आहे. हे पारडे बदलायचे तर गावात काही घडले पाहिजे : बचत गटाचा माल बाहेर विकला जाणे, दूरच्या डॉक्टरचा सल्ला गावात मिळून वर्ध्याची फेरी वाचणे, पदवीधर मुलीला गावात राहून काम करता येणे. अशा कामांना भरवशाची, दोन्ही बाजूंनी वाहणारी जोडणी लागते. ती मोबाइलच्या उरल्यासुरल्या डेटावर होत नाहीत.

आणि जोडणीची मालकी? ज्या १९३६ साली गांधीजी सेगावात आले त्याच साली अमेरिकेत ग्रामीण विद्युतीकरणाचा कायदा झाला. खाजगी वीज कंपन्यांना शेतवस्त्या परवडत नव्हत्या. शासनाने स्वस्त कर्ज दिले आणि शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढून तारा ओढल्या. त्यांतल्या कित्येक संस्था आज त्याच खांबांवरून फायबर नेत आहेत. सहकाराचे नाव काढले की महाराष्ट्राचा ऊर भरून येतो, पण इथला अनुभवही प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. अहमदनगर जिल्ह्यात मुळा-प्रवरा या सहकारी वीज संस्थेने काही दशके वीज वाटली. थकबाकीचा डोंगर झाला आणि २०११ साली तिचे काम महावितरणकडे गेले. सहकार म्हणजे आपोआप स्वस्त आणि चोख, असे नाही. वसुली आणि हिशेब यांना पर्याय नसतो. केबल टीव्हीचे जाळे मात्र महाराष्ट्रातल्या लहान गावांतही लहान उद्योजकांनीच उभे केले आणि दरमहा दारोदार वसुली करून चालवले. अखेरच्या शंभर मीटरसाठी कोणावर भिस्त ठेवावी याचे उत्तर बहुधा तिथेच आहे.

काय करता येईल

धोरणाच्या पातळीवर चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. त्यांतली एकही फार खर्चिक नाही.

पहिली, ग्रामपंचायतीची जोडणी महिन्यातून किती तास चालू होती हे कार्यालयाच्या दर्शनी फलकावर लिहिले जावे आणि ग्रामसभेत वाचले जावे. हा आकडा जाळ्याच्या यंत्रणेत नोंदलेला असतोच. तो गावाला दिला जात नाही, इतकेच. देखभालीचे देयक त्या तासांशी बांधले की कपाटाची किल्ली आपोआप सापडेल.

दुसरी, शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र, तलाठी कार्यालय आणि सहकारी सोसायटी यांनी मिळून गावातले पहिले कायम ग्राहक व्हावे. वरच्या हिशेबात ६० वरून १५० वर जाणे हाच कळीचा टप्पा होता. सरकारी कार्यालयांची नियमित भरली जाणारी बिले लहान उद्योजकाला तो टप्पा गाठायला उभारी देतात. अर्थात ती बिले वेळेवर भरली गेली तरच.

तिसरी, जिल्ह्यात जो कोणी रस्ता, जलवाहिनी किंवा वीजवाहिनीसाठी खोदेल त्याने त्याच चरात एक रिकामी नळी टाकून ठेवावी. खर्चाचा मोठा वाटा तारेचा नसतो, खोदण्याचा असतो. एकदा खोदलेले पुन्हा खोदू नये, हे तर घरातल्या वडीलधाऱ्यांनाही कळते.

चौथी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची : जोपर्यंत जोडणी भरवशाची नाही, तोपर्यंत कोणताही हक्क केवळ ऑनलाइन अर्जावर अवलंबून ठेवू नये. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, अपंग नागरिकांना ई-केवायसीत येणाऱ्या अडचणींच्या प्रकरणात, डिजिटल साधनांपर्यंतची पोच ही जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचे म्हटले. हक्क म्हटला की त्याची पूर्तता ही शासनाची जबाबदारी होते. नागरिकाची पात्रता-परीक्षा नव्हे. 'सर्व्हर डाउन' असल्यामुळे ज्याची मुदत टळली, त्याची मुदत टळलेली मानू नये, एवढा साधा नियम जरी झाला तरी अनेक गावांतली अनेक माणसे सुटकेचा श्वास टाकतील.

सेवाग्रामचा तो टेलिफोन आता मुका आहे. त्याने आपले काम केले, पण ते काम ज्यांनी तो बसवला त्यांच्या गरजेचे होते. आज गावोगावी कपाटात बसलेली पेटीही बरीचशी तशीच आहे : शासनाला गावाकडून नोंद हवी, ओळख हवी, अंगठा हवा, म्हणून ती आली. गावाला शासनाकडून, बाजाराकडून, जगाकडून काय हवे हे त्याच तारेवरून उलट दिशेने जाऊ लागेल तेव्हा ती तार गावाची होईल. तोवर टपाल नीट यावे म्हणून एकदा नाव बदललेल्या या जिल्ह्यातल्या गावाने, पत्ता बरोबर असूनही पत्र का पोचत नाही, हा प्रश्न विचारत राहिले पाहिजे.